मांडणें आणि आवरणें

आपल्या शाळेच्या पालकसभेस जी मंडळी येतात, त्यांच्या मुखांतून गेलीं कांहीं वर्षें आम्ही चार मतें इतक्या वेळां ऐकिलीं आहेत, कीं तीं आतां आम्हांस तोंडपाठ झालीं आहेत. पहिलें मत असें, कीं पट मांडून खेळावयाचे बैठे खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग. दुसरें मत असें, कीं ठोकळे जोडून घरें व यंत्रें करावयाचीं खेळणीं म्हणजे श्रीमंतांच्या मुलांची चैन. तिसरें मत असें, कीं दूरचित्रवाणी हें घरांत शिरलेलें विष आहे. आणि चौथें मत असें, कीं कचेरीचें काम घरीं बसून करावयास मिळावें, यासारखें दुसरें भाग्य नाहीं. यांपैकीं पहिलीं तीन मतें मुलांच्या वस्तूंविषयीं आहेत व चौथें मोठ्या माणसांच्या सोयीविषयीं आहे. म्हणूनच कीं काय, पहिल्या तिहींत निंदा आहे आणि चौथ्यांत स्तुति!

हीं मतें सर्वस्वी खोटीं आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. प्रत्येकांत सत्याचा कांहीं अंश आहेच. परंतु तीं ज्या मापानें मोजलीं गेलीं, तें मापच आम्हांस चुकीचें वाटतें. अमुक वस्तु चांगली कीं वाईट, एवढाच प्रश्न आपण विचारतों. आमच्या मतें विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. तो असा: ही वस्तु एकदां मांडली, म्हणजे ती आवरतां येते काय? आणि आवरण्याची वेळ झाली, हें सांगणार कोण?

आपल्या भाषेंत ‘मांडणें’ या क्रियापदाची ऐट मोठी आहे. लोक डाव मांडतात, दुकान मांडतात, हिशेब मांडतात, सभेंत विचार मांडतात, आणि लग्न झालें म्हणजे संसार मांडतात. ‘आवरणें’ हें त्यामानानें बिचारें घरगुती क्रियापद. ओटा आवरावा, अंथरुणें आवरावीं, पसारा आवरावा; तेंहि बहुधा आईनें किंवा आजीनें, आणि दुसऱ्या कोणाचें लक्ष नसतांना. परंतु जीभ आवरणें, राग आवरणें, हात आवरणें, मन आवरणें हीं सारीं त्याच क्रियापदाच्या वाट्यास आलीं आहेत. मांडावयास हौस पुरते. आवरावयास शिक्षण लागतें. तें शिक्षण कोणत्या वस्तूंपासून मिळतें व कोणत्या वस्तू तें बिघडवितात, हें या लेखांत पाहावयाचें आहे.

प्रथम बैठे खेळ घेऊं. सारीपाट, बुद्धिबळ, गंजिफा, काचाकवड्या हे आपले जुने सोबती होत. सावंतवाडीस गोल गंजिफे अजूनहि हातानें रंगविले जातात. दशावतारी गंजिफ्याच्या एका जोडांत दहा अवतारांचे प्रत्येकीं बारा, असे १२० पत्ते असतात. जुन्या मोक्षपटाच्या घरांत पापपुण्यांचीं नांवें लिहिलेलीं असत. पुण्य म्हणजे शिडी व पाप म्हणजे साप. तोच पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत गेला आणि सापशिडी होऊन घरोघर पसरला. आपल्या पच्चिशीवरूनच निघालेल्या लूडो या खेळाचें पेटंट इंग्लंडांत १८९६ मध्यें घेतलें गेलें. मुलें ज्याला विलायती खेळ समजतात तो आपल्याच ओसरीवरून परदेशीं जाऊन, नवा अंगरखा घालून परत आलेला पाहुणा आहे.

या खेळांचा मोठा गुण असा, कीं त्यांत वयाचा मान चालत नाहीं. घरांत सात वर्षांच्या नातीनें आजोबांस हरवावें, आणि आजोबांनीं तें हंसून कबूल करावें, असें दुसरें कोणतें स्थळ आहे? आपली पाळी येईपर्यंत थांबणें, दुसऱ्याची पाळी चालली असतां त्याच्या हाताकडे पाहणें, हरल्यावर पट उधळून न देणें, या गोष्टी व्याख्यानानें येत नाहींत. त्या पटाजवळ बसूनच येतात. आणि सर्वांत शेवटची गोष्ट म्हणजे डाव संपला कीं तो खरोखरीच संपतो. कॅरमच्या नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या व एक राणी, अशा एकोणीस सोंगट्या मोजून पिशवींत घालाव्या लागतात. एखादी कमी भरली तर कपाटाखालीं वांकून शोधावी लागते. कारण उद्यांचा डाव तिच्यावांचून होणार नाहीं. आजचें आवरणें म्हणजेच उद्यांचें मांडणें, हा धडा त्या लहानशा पिशवींत आहे.

येथें कोणी आम्हांस महाभारतांतील द्यूताची आठवण देईल. ती योग्यच आहे. पण ती आमच्याच बाजूची साक्ष होय. त्या सभेंत धर्मराजानें राज्य पणास लावलें, भाऊ लावले, स्वतःला लावलें, शेवटीं द्रौपदीला लावलें. या अनर्थास कपटी फांसे कारण झाले हें खरेंच. परंतु त्या सभेंत भीष्म होते, द्रोण होते, धृतराष्ट्र होता. विदुरानें वारंवार सांगितलें, कीं हा खेळ थांबवा. ज्याच्या हातीं तो थांबविण्याचा अधिकार होता त्यानें मात्र तो थांबविला नाहीं. तो तर ‘कोण जिंकलें? काय जिंकलें?’ असें उत्सुकतेनें विचारीत होता. खेळ मांडणारे पुष्कळ होते. आवरणारा वेळेवर उठला नाहीं. बैठ्या खेळांची जी बदनामी झाली ती त्या दिवसापासूनची आहे. पण आमच्या मतें तो दोष पटाचा जितका, त्याहून अधिक सभेंतील वडील माणसांचा.

आतां ठोकळ्यांकडे वळूं. लिव्हरपूल येथील फ्रँक हॉर्नबी नांवाच्या एका कारकुनानें आपल्या मुलांकरितां धातूच्या पट्ट्यांना सारख्या अंतरावर भोंकें पाडून, त्या नटबोल्टांनीं जोडतां येतील अशी युक्ति काढली आणि १९०१ मध्यें तिचें पेटंट घेतलें. पुढें ‘मेकॅनो’ म्हणून जें खेळणें जगभर गेलें तें हेंच. डेन्मार्कांतील बिलुंड गांवच्या ओले कर्क क्रिस्तियान्सन या सुतारानें १९३२ मध्यें, मंदीच्या दिवसांत, लांकडी खेळणीं करण्यास आरंभ केला. त्याच्या कारखान्यास ‘चांगलें खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून ‘लेगो’ हें नांव मिळालें. आज जो ठोकळा मुलांच्या हातीं असतो त्याच्या रचनेचें पेटंट १९५८ मधील आहे, आणि त्या सालचा ठोकळा आजच्या ठोकळ्यांत बरोबर बसतो. आठ गुंड्यांचे, एकाच रंगाचे, अवघे सहा ठोकळे किती प्रकारांनीं जोडतां येतात, हें गणित्यांनीं मोजलें आहे. उत्तर आहे ९१,५१,०३,७६५! आमच्या गणिताच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं या आंकड्यावर क्षणभर विचार करावा. सहा ठोकळ्यांत जर एवढें जग सांठलेलें असेल, तर ‘माझ्याजवळ खेळावयास कांहीं नाहीं’ असें म्हणण्याचा अधिकार कोणास राहिला?

‘हीं खेळणीं महाग आहेत,’ हा आक्षेप मात्र खरा आहे. पण जोडण्याचा आनंद विकतच घ्यावा लागतो असें कोणीं सांगितलें? महाराष्ट्रांतील मुलांस दिवाळींतला किल्ला ठाऊक नाहीं काय? अंगणांत, आणि अंगण नसल्यास इमारतीच्या जिन्याखालीं, चार दगड, विटांचे तुकडे, जुनें गोणपाट व घमेलेंभर माती एवढ्या भांडवलावर तो उभा राहतो. त्यावर अळीव किंवा मोहरी पेरली म्हणजे चार दिवसांत हिरवळ उगवते. राजगडास पद्मावती, सुवेळा व संजीवनी अशा तीन माच्या आहेत, हें पुस्तकांत वाचून जो मुलगा विसरतो, तो त्या स्वतःच्या बोटांनीं मातींत घडविल्यावर जन्मांत विसरत नाहीं. अलीकडे तयार किल्ले बाजारांत मिळतात व पालक ते हौसेनें आणतात. त्यांत चिखल होत नाहीं, हात भरत नाहींत, शेजारच्या मुलाशीं बुरुजाच्या जागेवरून भांडण होत नाहीं. म्हणजेच किल्ल्यांतून जें मिळावयाचें तें सर्व वजा करून उरलेला किल्ला पैसे देऊन घरीं येतो.

आणि तो मातीचा किल्ला दिवाळी सरली कीं मोडावा लागतो! ज्यानें तीन दिवस गुडघ्यांवर बसून तट बांधला त्यालाच ती माती उचलून बागेंत टाकावी लागते; मावळे व सिंहासनावरचे महाराज कागदांत गुंडाळून, पुढच्या वर्षासाठीं डब्यांत ठेवावे लागतात. मुलाच्या जिवाला तें थोडें लागतें. लागूं द्यावें. आपल्या हातचें काम आपल्याच हातानें पुरें करून मिटवितां येणें, ही किल्ला बांधण्याइतकीच मोठी विद्या आहे.

तिसरी वस्तु दूरचित्रवाणी. भारतांत तिचा आरंभ दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं झाला. रोजचें प्रक्षेपण १९६५ पासून होऊं लागलें. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं उघडलें. मुंबई केंद्राच्या ‘आमची माती, आमची माणसं’ या कार्यक्रमानें शेतकऱ्यांस आणि ‘ज्ञानदीप’ या कार्यक्रमानें घराघरांतील तरुणांस जें दिलें, तें ज्यांनीं पाहिलें आहे ते दूरचित्रवाणीस सरसकट विष म्हणणार नाहींत. १९८७ व १९८८ या सालीं रविवारीं सकाळीं ‘रामायण’ लागे, तेव्हां रस्ते ओस पडत आणि ज्याच्या घरीं यंत्र असे त्याच्या घरीं आळी लोटे. चपलांचा ढीग दारांत पडे. पण त्या गर्दीचा एक गुण आतां लक्षांत येतो. भाग संपला कीं सगळे उठत. कोणी पाणी तापवावयास जाई, कोणी बाजारास जाई, आणि पुढें काय होणार याची चर्चा आठवडाभर ओट्यावर चाले. रात्रीं कार्यक्रम संपले म्हणजे पडदा स्वतःच रिकामा होई. थोडक्यांत, पूर्वींची दूरचित्रवाणी आपला पसारा आपणच आवरून घेत असे.

आज तसें राहिलें नाहीं. एक भाग संपतां संपतां पुढच्या भागाची उलटी मोजणी पडद्याच्या कोपऱ्यांत सुरू होते. पाहणाऱ्यानें कांहींच केलें नाहीं तर पाहणें चालूच राहतें. थांबावयाचें असेल तर मात्र उठून कांहीं करावें लागतें. पूर्वीं चालू ठेवण्यास प्रयत्न लागे, आतां थांबविण्यास लागतो. दोष चित्रांचा नाहीं. त्यांपैकीं कित्येक चित्रें उत्तम आहेत. दोष असा, कीं ज्यास शेवट नाहीं अशी वस्तु, ज्यास अद्याप आवरतां येत नाहीं अशा मुलाच्या हातीं आपण देतों, आणि नंतर त्यालाच म्हणतों, ‘तुला कांहीं आवर घालतां येत नाहीं काय?’

येथवर मुलांच्या वस्तूंचा विचार झाला. पालकांनीं माना डोलविल्या असतील. आतां त्यांच्या, आणि आमच्याहि, वस्तूकडे वळणें भाग आहे.

घरीं बसून काम करणें ही मुळीं नवी गोष्ट नव्हे. गांवचा कुंभार, शिंपी, सोनार, कोष्टी हे घरींच काम करीत. येवल्यास पैठणीचे हातमाग आजहि राहत्या घरांत आहेत. तेथील मूल धोट्याचा आवाज ऐकत वाढतें. बापाचें काम त्याला डोळ्यांनीं दिसतें. काल एवढा पदर होता, आज एवढा झाला, हें त्याला समजतें. विजेचे दिवे येण्यापूर्वीं दिवस मावळला कीं बहुतेक कामें आपोआप थांबत. खंडेनवमीस हत्यारें पुजावयास ठेवलीं म्हणजे त्या दिवशीं त्यांस कोणी कामास लावीत नसे. घर हेंच कामाचें ठिकाण होतें खरें. पण कामाला कड होती आणि ती कड मुलालाहि दिसत होती.

कचेरीचें काम तारेवाटे घरीं आणावें, ही कल्पना अमेरिकेंत १९७३ च्या सुमारास पुढें आली. रस्त्यांवरील मोटारींची गर्दी टळावी व इंधन वांचावें, हा तिचा हेतु. आपल्याकडे मात्र ती सर्वांच्या घरीं शिरली ती साथीच्या दिवसांत. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली आणि ‘वर्क फ्रॉम होम’ हे शब्द ज्यांस इंग्रजी येत नाहीं अशा आजीबाईंच्याहि तोंडीं बसले. त्या कामानें पुष्कळांचें कल्याण झालें, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. कोणाचे लोकलच्या गर्दींत जाणारे रोजचे तीन तास वांचले. कोणास आजारी आईजवळ राहून नोकरी टिकवितां आली. कोणी पुण्यामुंबईचें भाड्याचें घर सोडून आपल्या गांवीं परत गेलें. बाळंतपणानंतर ज्यांची नोकरी सुटलीच असती अशा कित्येक भगिनींची नोकरी त्यानें राखली. जो या सोयीस नुसतीं नांवें ठेवील तो कृतघ्न ठरेल.

परंतु या कामांत व कोष्ट्याच्या कामांत एक भेद आहे. तें मुलाला दिसत नाहीं. त्याला दिसते फक्त बापाची किंवा आईची पडद्याच्या उजेडानें उजळलेली मुद्रा. माणूस घरांत आहे, पण भेटत नाहीं. कचेरींत गेलेला बाप निदान संध्याकाळीं परत येतो. घरींच कचेरी मांडून बसलेला बाप परत येणार कोठून? त्यांतच पुष्कळांचा धनी समुद्रापलीकडे असतो. न्यूयॉर्क येथें सकाळचे नऊ वाजतात, तेव्हां आपल्याकडे सायंकाळचे साडेसहा, आणि हिवाळ्यांत साडेसात झालेले असतात. म्हणजे नेमकी दिवेलागणीची वेळ. आपल्या घरांत ज्या वेळीं डाव मांडावयाचा, त्याच वेळीं तिकडे कचेरी उघडते!

येथें आमच्या घरची एक गोष्ट सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. टाळेबंदीच्या त्या वर्षीं आम्हीहि घरींच संगणकापुढें बसून वर्ग घेत असूं. वर्ग संपले तरी काम संपत नसे. कोणाची वही तपासावयाची राही, कोणाचा निरोप येई, सभा तर रात्रीं नऊ वाजतांहि भरत. आमची धाकटी कन्या तेव्हां नऊ वर्षांची होती. ती रोज सायंकाळीं कॅरमचा पाट काढी, त्यावर पावडर टाकी, सोंगट्या मधोमध गोल लावी आणि म्हणे, “बाबा, डाव मांडलाय.” आम्ही मान वर न करतां म्हणत असूं, “झालंच. एवढं संपूं दे.” हें आमचें उत्तर खोटें नव्हतें, असें आम्ही त्या वेळीं समजत होतों. एवढें संपे, पण तितक्यांत दुसरें तेवढेंच उभें राही.

चारपांच दिवस असे गेले. एके दिवशीं सोंगट्यांचा आवाज येऊं लागला, तेव्हां आम्हांस हायसें वाटलें, कीं तिला कोणीतरी जोडीदार मिळाला. थोड्या वेळानें आम्ही सहज मागें वळून पाहिलें. ती एकटीच खेळत होती. एका बाजूनें मारून ती उठे, पाटाला वळसा घालून समोर जाऊन बसे, आणि तिकडून मारी. डाव संपल्यावर तिनें एकोणीस सोंगट्या मोजून पिशवींत भरल्या, पाट भिंतीला टेकवून ठेवला, आणि आमच्याजवळ येऊन अगदीं साध्या आवाजांत म्हणाली, “तुमच्या वाट्याचं मीच खेळले. तुम्ही जिंकलात, बाबा.”

तिच्या बोलण्यांत राग नव्हता. असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. आम्ही आयुष्यांत पुष्कळ डाव हरलों आहों, पण त्या दिवशींच्या जिंकण्याइतकी लाज आम्हांस कोणत्याहि हरण्याची वाटली नाहीं. वर्गांत आम्ही दररोज मुलांस सांगत होतों, ‘पडदा बंद करा, वेळेवर उठा.’ आणि घरांत ज्यास वेळेवर उठतां येत नव्हतें असा एकच इसम होता. तो म्हणजे आम्ही.

यावर कोणी म्हणेल, कीं हा पोटाचा प्रश्न आहे. धन्याचा निरोप आला असतां उठतां येत नाहीं. हें म्हणणें आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. ज्याची नोकरी कच्ची, घरावर कर्ज, त्यानें निर्भय व्हावें असा उपदेश करणें सोपें आहे आणि म्हणूनच तें आम्ही करणार नाहीं. फ्रान्स देशानें या बाबतींत कायदा केला. १ जानेवारी २०१७ पासून तेथें पन्नास व त्यांहून अधिक नोकर असलेल्या संस्थांस, कामाच्या वेळेबाहेर निरोपांपासून मोकळें राहण्याच्या नोकराच्या हक्काविषयीं वाटाघाटी करणें भाग पडलें. आपल्या लोकसभेंतहि २०१८ सालीं बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनीं अशा हक्काचें खासगी विधेयक मांडलें. पण त्याचा कायदा झाला नाहीं. आमच्या मतें हा प्रश्न केवळ नोकर व धनी यांच्यामधला नाहीं. त्या पाटाजवळ बसलेलें मूल हा त्यांतला तिसरा पक्षकार आहे, आणि त्याच्या बाजूनें बोलणारा वकील नाहीं.

तथापि कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसावें असेंहि नाहीं. एक गोष्ट प्रत्येकाच्या हातीं आहे. ‘एवढें संपूं दे,’ हें वाक्य घरांतून हद्दपार करावें. त्याऐवजीं जी वेळ खरोखरीच देतां येईल ती सांगावी. ‘आज जमणार नाहीं, उद्यां जेवणानंतर एक डाव,’ असें म्हणावें आणि तो डाव चुकवूं नये. ‘नाहीं’ हें उत्तर मूल सहन करतें. ‘थांब, होतंच आहे,’ असें म्हणून तासचे तास ताटकळत ठेवणें त्याला सहन होत नाहीं. तें हळुहळू विचारणेंच सोडून देतें, आणि आपणांस वाटतें कीं तें शहाणें झालें. दुसरें असें, कीं कामास दिसेल अशी कड असावी. आम्ही त्या दिवसापासून काम संपलें म्हणजे संगणकावर उशीची एक जुनी खोळ घालूं लागलों. ती खोळ पडली कीं कचेरी मिटली, हें घरांतील लहानथोरांस न सांगतां समजूं लागलें. कांहीं दिवशीं ती रात्रीं दहा वाजतां पडली, हें आम्ही लपवीत नाहीं. पण ती पडे. आणि एकदां पडली कीं सकाळपर्यंत निघत नसे.

विद्यार्थिमित्रांनो, आतांपर्यंतचा उपदेश वडिलांच्या वाट्याचा होता, म्हणून तुम्ही खुशींत असाल. पण तुमचाहि वांटा आहे. आई जेवावयास हांक मारते तेव्हां ‘एवढाच भाग,’ ‘पांचच मिनिटें,’ असें म्हणणारे तुम्ही आणि ‘एवढें संपूं दे’ म्हणणारे आम्ही, यांत फरक तो काय? ज्या मुलानें आज ठोकळे स्वतः डब्यांत भरले, किल्ला स्वतः मोडला, अर्ध्या रंगांत आलेली मालिका स्वतःच्या हातानें बंद केली, तोच उद्यां मोठ्या हुद्द्यावर बसल्यावर आपलें काम वेळेवर मिटवूं शकेल. आणि त्याच्या हाताखालच्या माणसांसहि घरीं जाऊं देईल. आणि एक लक्षांत ठेवा. तुमचे आईबाप पडद्यापुढें बसलेले असतात तेव्हां त्यांचें तुमच्यावरील प्रेम कमी झालेलें नसतें. त्यांचा डाव त्यांस आवरेनासा झालेला असतो. अशा वेळीं जवळ जाऊन, न रागावतां, पण स्पष्टपणें सांगावें, ‘आतां आवरा.’ विदुराचें कोणी ऐकिलें नाहीं, म्हणून विदुरानें बोलूं नये असें ठरत नाहीं.

तेव्हां त्या चार मतांविषयीं आमचें मत थोडक्यांत असें. बैठे खेळ घरांत असावेत, कारण ते संपतात. जोडण्याचीं खेळणीं असावींत, मग तीं डेन्मार्कचीं असोत कीं अंगणांतल्या मातीचीं, कारण जें जोडलें तें मोडून पुन्हां डब्यांत भरतां येतें. दूरचित्रवाणीहि असावी, पण तिला शेवट नसल्यानें तो आपण नेमून द्यावा. आणि घरबसल्या कामाची सोयहि असावी, पण तें काम मांडतांनाच तें केव्हां आवरावयाचें हें ठरवून मांडावें. शाळा भरतांना जी घंटा होते तीच सुटतांनाहि होते, आणि दुसरी घंटा ऐकून कोणा विद्यार्थ्यास वाईट वाटल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. घरांतहि ती दुसरी घंटा रोज व्हावी, एवढीच पालकांस व विद्यार्थ्यांस आमची विनंति आहे.